करट्या, सोडणं आणि पावसाळा

लाकूड-कोळसा दोन्हीवर चालणारा लोखंडी स्टोव्ह फोंड्याकडच्या घरात घेतला तर करट्या (नारळाच्या कवट्या), सोडणं (नारळाची सालं), चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) सगळं त्यात खपेल का, असं एकानं विचारलंय. खपेल, पण सगळं सारखं नाही. लाकूड राखेच्या थरावर छान जळतं, त्याला हवा वरून लागते. कोळशाला ती स्टोव्हच्या तळातल्या जाळीखालून हवी. म्हणून लाकूड जाळताना रोज राख खरवडू नका, बोटभर तरी राहू द्या.

करट्या भसकन पेटतात आणि ताव एवढा की मूठभर पुरे. गच्च भरल्या तर जाळीच वाकायची. सोडण आमच्याकडे न्हाणीतल्या भाणाखालीच (पाणी तापवायच्या हंड्याखाली) जातं. स्टोव्हमध्ये ते नुसतं धुमसतं, धुराचं नळकांडं काजळीनं माखतं. काजूबियांची टरफलं मुळीच नकोत, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्या-घशाला झोंबतो.

खरी डोकेदुखी पावसाची. लाकडात पाणी 20 टक्क्यांच्या आत हवं, आणि जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत तिथे लाकूड काय वाळणार! मे संपायच्या आत फोडलेलं लाकूड पडवीत, जमिनीपासून उंच रचा (वाळवी टपलेलीच असते). दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. सुकलेल्या खणकन वाजतात, ओल्या बद्द.

नळकांडं कौलांतून नेणार असाल तर वासे-रिपांपासून नीट अंतर सोडा. पावसाळ्यात स्टोव्ह बंद ठेवणार असाल तर मात्र राख पूर्ण काढा, ती ओल धरते आणि लोखंड गंजतं. दारही किलकिलं ठेवा.