मदत हवी आहे: पुरात जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) बुडते, गावाची पाणीयोजना कशी वाचवावी?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. गावच्या पाणीपुरवठा समितीत मी आहे, पण मूळचा शेतकरी. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती (धोका पातळी ४३ फूट). तेव्हा आमच्या पंपघरात छातीएवढं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पूर ओसरल्यावर स्टार्टर पॅनेलचं दार उघडलं तर आतून गाळ घळाघळा खाली आला. कॉन्टॅक्टरच्या (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) फटींत तो घट्ट बसला होता, टूथब्रशनं घासूनही निघेना. दोन्ही मोटारी रिवाइंडिंगला गेल्या, आणि तिथं आधीच आसपासच्या गावांच्या मोटारींची रांग. तोवर माळावरच्या शाळेत थांबलेल्या बायाबापड्या पन्हाळीखाली भांडी लावून पावसाचं पाणी धरत होत्या. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सध्या २५ एचपीचे दोन व्हीटी (व्हर्टिकल टर्बाइन) पंप आहेत, म्हणजे पंप खाली पाण्यात, मोटारी वर जॅकवेलच्या स्लॅबवर, आणि दोन्ही उभ्या शाफ्टनं जोडलेले. समितीत दोन मतं आहेत. एक म्हणजे कॉलम पाइप (शाफ्टभोवतीचा उभा पाइप) आणि शाफ्ट वाढवून मोटारी २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर, नव्या स्लॅबवर न्यायच्या. पण शाफ्ट लांबला की थरथर वाढते, बेअरिंग लवकर जातात, असं फिटर म्हणतो. दुसरं मत, सबमर्सिबल पंप जॅकवेलमध्ये सोडायचे आणि पॅनेल ३०० मीटरवर माळाला ठेवायचं. मला हे पटतं, कारण बुडाला तरी पंप चालतो. पण बोअरमध्ये मोटारीला लागून पाणी वाहतं आणि ती थंड राहते, रुंद जॅकवेलमध्ये तसं होत नाही. त्यासाठी मोटारीवर कूलिंग जॅकेट, म्हणजे पाणी मोटारीला लागूनच वाहावं म्हणून नळकांडं, घालतात म्हणे. कुणी वापरलंय का? नदीचा गाळ त्यात अडकतो का? आणि ३०० मीटरला व्होल्टेज पडू नये म्हणून केबल किती जाडीची घ्यावी?

काठावरची विजेची लाइन पुरात बंद करावीच लागते, म्हणून जनरेटरही माळावरच ठेवायचा विचार आहे.

पंप वाचला तरी शुद्धीकरणाचं निराळंच दुखणं आहे. पुराच्या पाण्याला तुरटीचा नेहमीचा डोस पुरत नाही. क्लॅरिफायरमधून (गाळ बसवायच्या टाकीतून) गढूळच पुढं येतं, वाळूचे फिल्टर दोन-तीन तासांत चोंदतात, आणि बॅकवॉशला (उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला) पुन्हा शुद्ध पाणीच लागतं. गढूळ पाणी क्लोरीनही खातं. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन हवं, तिथं ओटी टेस्टला (क्लोरीन तपासायच्या थेंबांच्या चाचणीला) पिवळा रंगच येत नाही. त्यात टीसीएलची (ब्लीचिंग पावडरीची) पोती महिनोन्महिने पडून राहिली की पावडरीचा जोर जातो, ते वेगळंच. आमच्या जलसुरक्षकाला रोज सकाळी जार टेस्ट (वेगवेगळ्या भांड्यांत तुरटीचे वेगवेगळे डोस ढवळून बघायची चाचणी) करून डोस ठरवायला शिकवायचं आहे. साध्या काचेच्या ग्लासांत ते नीट जमेल का, की स्टररचं यंत्र घ्यावंच लागेल?

माझं मत स्पष्ट आहे: नव्या फिल्टरवर खर्च करण्याआधी पॅनेल वर गेलं पाहिजे. पण पुढच्या ग्रामसभेत हे आकड्यांनिशी मांडावं लागणार. तुमच्या गावात असं काम झालं असेल तर स्लॅबची उंची, पंपाची एचपी आणि आलेला खर्च कृपया लिहा. पंपघराचे आणि भिंतीवरच्या २०१९ च्या खुणेचे फोटो प्रतिसादात टाकतो.