मदत हवी आहे: उणे २०ला ठेवलेलं जुनं सीरम आणि एलडीएचचा घोळ

नमस्कार मंडळी. मी नागपुरात सिकलसेलवर (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन फुटतात तो रक्ताचा आजार) पीएचडी करतेय. विदर्भात हा आजार किती पसरलाय ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या लॅबमध्ये २०१७ साली गोळा केलेलं रुग्णांचं सीरम (रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव) आहे, शंभरेक नळ्या. पहिली चार वर्षं त्या उणे २० अंशांवर होत्या, मग उणे ८०चा फ्रीजर आला तेव्हा तिकडे हलवल्या.

गेल्या महिन्यात या नळ्यांचं आणि यंदाच्या ताज्या नमुन्यांचं एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) केलं. तांबड्या पेशी फुटल्या की ते वाढतं, म्हणजे सिकलसेलमध्ये जास्तच यायला हवं. जुन्या नळ्यांत मात्र बरंच कमी, काहींत तर चक्क नॉर्मल! गाईड सर म्हणतात, तेव्हाचे रुग्ण सौम्य असतील. मला पटत नाही. आत्ताचे बहुतेक जण हायड्रॉक्सियुरियावर (पेशी फुटणं कमी करणारं औषध) आहेत, म्हणजे कमी यांचंच यायला हवं होतं ना?

त्यात एका मे महिन्यात रात्री लाईट गेली, जनरेटर सुरूच झाला नाही आणि सकाळी वरच्या कप्प्यातल्या नळ्यांचं पाणी झालं होतं म्हणे. नोंदवहीत याबद्दल एक अक्षर नाही, लॅबमधल्या काकांनी चहा पिता पिता सांगितलं. आता सगळंच फेकायचं का?

प्रतिसाद १
ताई, तुमची शंका रास्त आहे. एलडीएचच्या पाच प्रकारांपैकी चौथा आणि पाचवा थंडीत टिकत नाहीत. त्यापेक्षा सीरम दोन-तीन दिवस टेबलावर राहिलेलं परवडतं. उणे २०ला तर ते पुरतं गोठतही नाही. मिठाचं पाणीच उणे २१च्या आसपास घट्ट होतं, तोवर मधे क्षारांचा दाट द्रव उरतो. त्यामुळे जुन्या नळ्यांचं एलडीएच विसरा. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) बऱ्यापैकी टिकतात. पण आधी सोडियम करा. १६०च्या वर आलं तर दोष रुग्णाचा नाही, नळीतलं पाणी उडालंय. आणि वितळल्यावर नळी पाच-सहा वेळा हळूच उलटीपालटी करा, नाहीतर प्रथिनं तळाशी आणि वर नुसतं पाणी. वितळलेला कप्पा वेगळा काढा.

धागाकर्ती
खूप आभार! तीन नळ्यांचं सोडियम केलं: १४१, १४३ आणि १६८. तिसरीचं झाकण सैल निघालं. उद्या सरांना दाखवते, मूड बघून.