नगरपरिषदेच्या सभेत आपल्या गल्लीच्या नालीचा विषय कसा आणायचा?

शाळेवाली_ताई

नमस्कार सगळ्यांना. विदर्भातलं छोटं शहर आहे आमचं, नगरपरिषद आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कोणाची बदनामी करायची नाहीये, काम करून घ्यायचंय. आमच्या गल्लीत 22 घरं आहेत आणि उतार सगळा आमच्या बाजूला. वर पिठाची गिरणी आहे तिथपर्यंत पक्की नाली आहे, तिथून खाली मातीची चर, तीही लोकांनीच फावड्याने काढलेली. गेल्या पावसाळ्यात दोनदा पाणी उंबऱ्याला लागलं, शेजारच्या काकूंकडे तर चुलीजवळ आलं होतं, त्यांच्या नातवाला नंतर डेंग्यू झाला, आठ दिवस दवाखान्यात होता. मी स्वतः तीन अर्ज दिलेत. आमच्या प्रभागाला दोन नगरसेवक आहेत, एकाकडे गेलं की ते म्हणतात तुमची गल्ली दुसऱ्यांकडे येते, आणि दुसऱ्यांकडे गेलं की हेच उत्तर. ऑफिसात विचारलं तर सांगतात "मॅडम, सभेत विषय घ्यावा लागेल". बरं, घ्या ना मग, पण कधी, कोण घेणार, कसा घेणार हे कोणी धड सांगत नाही.

माझं माहेर खेड्यातलं. तिथे 26 जानेवारीला, 1 मेला ग्रामसभेत कोणीही उठून बोलतं, माझी आई बोलायची. तसं नगरपरिषदेच्या सभेत जाऊन बोलता येतं का? सभा असते तरी कधी? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, पावसाळ्याच्या आत काहीतरी व्हायला हवं.

माजी_सभालिपिक

ताई, मी कोकणातल्या एका नगरपरिषदेत सभा विभागात बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. जमेल तेवढं सांगतो, थोडं लांबेल.

आधी ग्रामसभेचं. गावात ग्रामसभा म्हणजे सगळे मतदार. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची असते, तिथे आपण जाऊन बसू शकतो, ऐकू शकतो, सभा लोकांसाठी खुली असते पण बोलायचा अधिकार सदस्यांनाच. 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद कायद्यात आणली होती, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांनी एकत्र बसून मागण्या ठरवायच्या, पण माझ्या नोकरीत तशी एकही सभा मी भरलेली पाहिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सभा कधी, तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 81 आहे, त्याप्रमाणे दोन महिन्यांतून एकदा तरी सर्वसाधारण सभा व्हायलाच हवी. तिची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभा असेल तर तीन दिवस आधी. नोटिशीसोबत विषयपत्रिका म्हणजे अजेंडा असतो.

आता मुख्य मुद्दा, विषय अजेंड्यावर येतो कसा. तुमचा अर्ज आवक विभागात पडला, नंबर पडला, मुख्याधिकाऱ्यांनी वर शेरा मारला "बांधकाम विभाग", मग तो अर्ज बांधकामकडे जातो. तिथून इंजिनीअरने जागा पाहायची, अंदाजपत्रक करायचं, आणि विभागाने टिप्पणी लिहायची की असं असं काम आहे, इतका खर्च आहे, सभेच्या मान्यतेस सादर. ही टिप्पणी सभा विभागात आली की ती नगराध्यक्षांपुढे जाते आणि मग विषय लागतो. टिप्पणी नसेल तर विषय नाही. लोक समजतात नगरसेवकाने मनावर घेतलं नाही, पण शंभरातले कितीतरी अर्ज हे बांधकामच्या टेबलावर फाइलीत लावून ठेवलेले असतात, नगरसेवकापर्यंत आलेलेच नसतात. माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक भांडायचे आणि मला दिसत असायचं की कागद माझ्याकडे आलाच नाहीये.

म्हणून तुम्ही पहिलं काम हे करा, तिन्ही अर्जांच्या पोचेवरचा आवक नंबर घेऊन जा आणि एकच प्रश्न विचारा, हा कागद आज कोणाच्या टेबलावर आहे. पोच नसेल तर चौथा अर्ज द्या, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, 22 घरांच्या सह्या घ्या.

कृष्णाकाठ

काकांनी बरोबर सांगितलंय. त्यात माझी भर. तोंडी विचारून टेबल सापडलं नाही तर सरळ माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, झेरॉक्स 2 रुपये पान. "माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली" असं मोघम विचारू नका, "आवक क्रमांक अमुक दिनांक अमुक या अर्जाचा आवक ते आजपर्यंतचा प्रवास, त्यावरचे शेरे आणि टिप्पणीची प्रत" असं मागा. कागद मागायचा, मत मागायचं नाही. उत्तर नाही आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील.

आणि दुसरं, मागच्या चार पाच सभांची इतिवृत्तं, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची लेखी नोंद, मागून घ्या, आमच्याकडे सगळे प्रोसिडिंगच म्हणतात. किंवा ऑफिसात बसून बघायला मागा, कागद पाहायला पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. मी पहिल्यांदा आमच्या नगरपालिकेचं प्रोसिडिंग बुक उघडलं तेव्हा दोन तास उठलोच नाही. आमच्या गल्लीसाठी गटार मंजूर झाल्याचा ठराव त्यात होता, सूचक अनुमोदक सगळं लिहिलेलं, सर्वानुमते मंजूर. गल्लीत कोणाला पत्ता नाही. ठराव क्रमांक वहीत लिहून आणला आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो नंबर टाकत गेलो. नंबर दिसला की समोरचा माणूस फाइल शोधायला उठतो हा माझा अनुभव आहे. तुमच्याही नालीचा ठराव आधीच झालेला असू शकतो, आधी ते बघा.

गावाकडचा_मी

सगळं ठीक आहे पण ताईंना एक स्पष्ट सांगतो, ठराव झाला म्हणजे नाली झाली असं नाही. आमच्याकडे प्रशासकाच्या काळात रस्त्याचा ठराव झाला होता, डिसेंबर 2025 ला निवडणुका झाल्या, नवे लोक बसले, रस्ता अजून तसाच. मधली तीन चार वर्षं बहुतेक नगरपरिषदांत निवडून आलेलं कोणी नव्हतंच, प्रशासकच सगळं बघायचे, आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे टिप्पणी लिहिणारं ऑफिस त्यांचं आणि मान्यता देणारेही तेच. तेव्हाचे कितीतरी ठराव पैशावाचून पडलेत.

खरा प्रश्न पैसा कुठल्या हेडमधून. नगरपरिषदेचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, तो पगारात, लाइट बिलात आणि कचऱ्याच्या ठेक्यात संपतो. बाकी सगळं शासनाकडून. 15व्या वित्त आयोगाच्या पैशात आमच्यासारख्या शहरांना 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यातच खर्च करायची, उरलेले 40 टक्के बाकी कामांना. मग शहरांसाठीची नगरोत्थान योजना आहे, दलित वस्ती सुधार आहे, आमदार निधी आहे. तुमची गल्ली कुठल्या योजनेत बसते हे इंजिनीअरला विचारा आणि टिप्पणीतच "अमुक निधीतून" असं लिहून घ्या. "निधी उपलब्धतेनुसार" असं लिहिलं असेल तर तो ठराव कपाटात राहणार, अनुभवाचे बोल आहेत हे.

प्रभाग_सातची_सदस्य

मी याच निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलेय, एका छोट्या नगरपरिषदेत. ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझ्या प्रभागातल्या बायका आठवल्या, त्याही हेच बोलतात.

दोन सदस्यांचा प्रभाग आहे म्हणजे गल्ल्या वाटून दिलेल्या नसतात. दोघंही अख्ख्या प्रभागाचे. तुम्ही दोघांच्याही नावाने एकच अर्ज करा आणि दोघांची सही घ्या, मग एकमेकांवर ढकलता येत नाही. आमच्या पहिल्या सभेत जो अजेंडा आला त्यात पन्नासच्या वर विषय होते आणि सभा दोन तासांत उरकली, मी घरी येऊन रडले होते खरं सांगते, कारण माझ्या प्रभागाचा विषय कधी मंजूर झाला ते मला कळलंच नाही. आता मी नोटीस आली की सात दिवस रोज रात्री टिप्पण्या वाचते. तेव्हा तुमच्या नगरसेवकांना नोटीस निघायच्या आधी भेटा, सभेच्या आदल्या दिवशी भेटून उपयोग नाही.

"आयत्या वेळी घेऊ", म्हणजे अजेंड्यावर नसताना सभेतच विषय मांडू, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. आयत्या वेळच्या विषयांना टिप्पणी नसते, अंदाजपत्रक नसतं, त्यावर कोणी हरकत घेतली की जिल्हाधिकारी कलम 308 खाली ठरावाला स्थगिती देऊ शकतात, मग पावसाळा गेलाच समजा. अजेंड्यावर रीतसर विषय लागू द्या.

आणि विषयाचं नाव नीट वाचा. आमच्याकडे कामांची नावं "अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर" अशीच असतात. काम तेवढंच होतं, त्याच्यापुढे एक फूटसुद्धा नाही.

शाळेवाली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, आता काय झालं ते सांगते, थोडे दिवस लिहिलं नाही कारण सगळं धावपळीत चाललं होतं.

काकांनी सांगितलं तसं तीन पोचा घेऊन गेले. दोन अर्ज बांधकाममध्येच होते, एका जाड फाइलीत, वर "किरकोळ अर्ज" लिहिलेलं. तिथल्या इंजिनीअर साहेबांनी चिडचिड न करता ते काढून दाखवले हे मान्य करायला हवं. मग 22 घरांच्या सह्यांचा अर्ज केला, दोघा नगरसेवकांच्या सह्या एकाच पानावर, शेजारच्या काकूंनी दोन्ही घरी चकरा मारल्या, मी शाळेत होते तेव्हा. इंजिनीअर येऊन जागा बघून गेले. नोटीस निघाली त्या दिवशी संध्याकाळी एका नगरसेवकांनी अजेंड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, विषय क्रमांक 17. मी इतकी खुश झाले की आधी आईला फोन केला.

मग रात्री प्रभागताईंचं वाक्य आठवलं म्हणून फोटो मोठा करून वाचला. "पिठाची गिरणी ते हनुमान मंदिर आरसीसी नाली बांधकाम करणे". हनुमान मंदिर आमच्या गल्लीच्या मध्यावर आहे! त्याच्या खाली नऊ घरं, आमचं, काकूंचं, आणि मग मोठा नाला. म्हणजे वरचं सगळं पाणी पक्क्या नालीतून जोरात मंदिरापर्यंत येणार आणि तिथून थेट आमच्या दारात. आत्तापेक्षा वाईट झालं असतं. झोप लागली नाही.

सकाळी शाळेत जायच्या आधी ऑफिस गाठलं, साहेबांना वहीवर गल्लीचं चित्र काढून दाखवलं, गिरणी, मंदिर, नाला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले की जुन्या अंदाजपत्रकावरून नाव उतरवलं गेलं. लगेच काही लिहून दिलं नाही, म्हणून मी तोच मुद्दा अर्जात लिहून आवकमध्ये दिला आणि प्रत दोघा नगरसेवकांना दिली. सभेला आम्ही गल्लीतल्या पाच जणी गेलो, मागच्या खुर्च्यांवर बसलो. शिपायाने विचारलं कोण तुम्ही, सांगितलं नागरिक आहोत, त्याने बसू दिलं. 17 नंबर आला तेव्हा आमच्या एका नगरसेवकांनी उठून दुरुस्ती सुचवली, दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं, "पिठाची गिरणी ते मोठा नाला" असा ठराव झाला. वाढीव लांबीचं सुधारित अंदाजपत्रक करायचं ठरलं आणि निधीचं नावसुद्धा ठरावात आलं. मी ठराव क्रमांक हातावर लिहून घेतला, वही बाहेर राहिली होती.

आता साहेब म्हणतात शनिवारी टेप घेऊन मोजायला येतो, मग निविदा. काका, यापुढे काय बघायचं? गल्लीत कोणीतरी म्हणालं "एमबी बघा", ते काय असतं?

माजी_सभालिपिक

ताई, फार बरं वाटलं वाचून. मंदिर आणि नाल्याचा फरक तुम्ही पकडलात हे मोठं काम केलंत, तो फरक ऑफिसात बसून कोणाला दिसला नसता.

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. काम झालं की इंजिनीअर त्यात लांबी, रुंदी, खोली, काँक्रीटची जाडी मोजून लिहितो आणि त्यावरूनच ठेकेदाराचं बिल निघतं. शनिवारी मोजणीला तुम्ही स्वतः हजर रहा, सुरुवात आणि शेवट कुठे धरलाय तो दगड किंवा भिंत लक्षात ठेवा, फोटो काढा. कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश, तो निघाला की त्याची प्रत मागून घ्या, त्यात मुदत आणि लांबी दोन्ही असतं. काम चालू असताना तळाचा उतार नाल्याकडे आहे ना एवढं रोज बघा, बादलीभर पाणी गिरणीजवळ ओतलं की लगेच कळतं. उलटा उतार काँक्रीट वाळायच्या आधी सांगितला तर दुरुस्त होतो. आणि पुढच्या सभेत आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय असतो, त्यात तुमची दुरुस्ती "मोठा नाला" अशीच लिहिलीय का ते एखाद्या नगरसेवकाकडून आधीच तपासून घ्या.

शाळेवाली_ताई

हो काका, इतिवृत्ताचं सोमवारीच विचारते. शनिवारी काकू आणि मी दोघी थांबणार आहोत, बादली काकूंची.