मदत हवी आहे : गावठाणाच्या नकाशावर नालीचा उतार कसा घ्यावा?

सस्नेह नमस्कार. वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी आम्ही काही जण क्यूजीआयएस या मोफत संगणक प्रणालीत गावठाणाचा नकाशा तयार करीत आहोत. स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीमुळे घरांच्या आणि रस्त्यांच्या हद्दी मिळाल्या. हातपंप, विजेचे खांब व शोषखड्डे आम्ही मोबाइलवर क्यूफील्ड या क्यूजीआयएसच्या जोडीच्या अ‍ॅपने नोंदवले. ते नेटवर्कविना चालते, आणि आमच्याकडे हीच मोठी सोय.

अडचण सांडपाण्याच्या नालीची आहे. येथील काळी, भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे मारुतीच्या पारामागची सिमेंटची नाली मधेच उचलली गेली असून पाणी उलटे वस्तीत शिरते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोसॅट उपग्रहाची जमिनीच्या उंचीची माहिती वापरून पाहिली, परंतु तिचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असल्याने गल्ली, दोन्ही बाजूंची घरे आणि नाली एकाच आकड्यात बसतात, आणि नालीच्या उताराचा हिशेब तर सेंटिमीटरचा असतो.

ड्रोन मोजणीच्या वेळची उंचीची माहिती ग्रामपंचायतीला मिळू शकते काय, व त्यासाठी अर्ज भूमी अभिलेख कार्यालयाकडे करावा की अन्यत्र? ती मिळत नसल्यास डंपी लेव्हलने (उंचीतील फरक मोजण्याच्या दुर्बिणीने), किंवा गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने, घेतलेली मापे क्यूजीआयएसमध्ये चढवून उताराची दिशा बाणांनी दाखवण्याची रीत कोणी सविस्तर सांगावी. नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावायचा आहे, म्हणून समतल रेषांपेक्षा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांपेक्षा) बाणच बरे, असे आम्हांस वाटते.