पदवीदान समारंभात पडद्यामागं राबलेले कोण कोण आहेत इथं? अनुभव लिहा

कृष्णाकाठची

परवा पुतणीच्या पदवी वितरणाला विश्रामबागला गेले होते. घरचे सगळे फोटोसाठी पुढं पळाले, मी मात्र स्टेजच्या डाव्या कोपऱ्याकडं बघत बसले. तिथं एक मुलगी उभी होती. एका हातात यादी, दुसऱ्या हातावर फायलींची चळत, पेनाचं टोपण दातात. नजर रांगेवर, मग यादीवर, परत रांगेवर. तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तिचे पाय किती दुखत असतील हे मात्र मला बसल्या जागी कळत होतं.

बी.कॉम.ला असताना मी 'कमवा आणि शिका'त (कॉलेजात काम करून शिकायची योजना) होते, सांगलीतच, कॉलेजच्या परीक्षा विभागात. एरवीचं काम म्हणजे फॉर्म लावा, हजेरीपट फाडा, कँटीनला चहा सांगा. कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठातून, पदव्यांचे गठ्ठे आले की मात्र त्या खोलीचं वातावरणच बदलायचं. हेडक्लार्क काका आधी सगळ्यांना हात धुवून यायला सांगायचे. टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं नाही, शाई लागते. पाण्याची बाटली खाली जमिनीवर. मग एकानं पुकारायचं, दुसऱ्यानं यादीवर खूण करायची: नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, श्रेणी. फॉर्म भरताना पोरांनीच स्पेलिंग चुकवलेलं असेल तर ती पदवी वेगळ्या ढिगात. तो ढीग पत्रासोबत परत कोल्हापूरला.

पाटलांचा गठ्ठा आला की पुकारणाऱ्याचा घसा बसायचा. एकदा नाव तेच, बापाचं नाव तेच, असे तीन पाटील निघाले. शेवटी आईच्या नावावरून वेगळे केले. काका म्हणाले, "बघा, आईचं नाव उगं नाही छापत."

पण खरं सांगू का, मला समारंभापेक्षा ते मागचं लोखंडी कपाट जास्त आठवतं. कुणी न्यायलाच न आलेल्या पदव्या त्यात असायच्या, वर्षावार सुतळीनं बांधलेल्या. काम नसलं की मी त्या चाळायची. निम्म्याहून जास्त नावं मुलींची.

तुमचंही लिहा. गाऊन वाटले असतील, खुर्च्या लावल्या असतील, काहीही चालेल.

यवतेश्वर_घाट

साताऱ्यात कमवा शिका म्हटलं की आधी खोरं आणि घमेलं आठवतं ताई 😄 कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच मुळी या पायावर, पोरानं घाम गाळून शिकावं. आम्ही झाडांना पाणी घालायचो, मेसच्या भाज्या निवडायचो. ऑफिसचं काम मिळालेला पोरगा म्हणजे आमच्यात साहेब, पंख्याखाली बसतो म्हणून.

मी पुढं दुसऱ्या कॉलेजात होतो (नाव नको), तिथं समारंभाच्या आठवड्यात सगळ्यांनाच आत ओढायचे. माझ्याकडं खुर्च्या. पहिल्या तीन रांगांना पांढरे अभ्रे, गाठ मागं, दिसता कामा नये. त्यावर 'राखीव'च्या चिठ्ठ्या. आणि बरोब्बर दहा वाजता एका पुढाऱ्याची माणसं येऊन चिठ्ठ्या काढून खिशात घालून बसली. सर मला म्हणाले, उठव त्यांना. माझं वय एकोणीस, वजन पन्नास किलो! शेवटी मी जाऊन म्हणालो, "दादा, पलीकडं कूलर आहे, तिकडं बसा." सगळी रांग उठली. त्या कूलरमध्ये पाणी नव्हतं हे त्यांना नंतर कळलं असेल.

भडंगवाली

दूध उतू गेलं माझं वाचता वाचता. कूलर 😂😂

पेठनाक्यावरचा

ते स्टेजवर देतात ती फाईल रिकामी असते हे कुणीच कसं लिहीना?? आमच्या आजीनं सगळ्या पाहुण्यांसमोर उघडली. आत नुसता पुठ्ठा. म्हणाली, "आरं, ह्यात काय न्हाईच की! नापास झालास व्हय?" अख्खा वाळवा तालुका हसला. मी काउंटरवरून खरी पदवी आणून दाखवेपर्यंत आजी जेवली नाही.

जुना_हेडक्लार्क

रिकामी फाईल का, ते सांगतो. बाहेरच्यांना ती फसवणूक वाटते.

रांगेत एक मुलगा आला नाही किंवा ऐन वेळी लघवीला गेला की त्याच्या मागच्या प्रत्येकाला पुढच्याची पदवी मिळते. पाहुणे तर हातात येईल ती देत सुटतात, थांबत नाहीत. नंतर अंगणात अर्धा तास अदलाबदल चालते, आणि एखादा दुसऱ्याची पदवी घेऊन थेट जतला निघून जातो. म्हणून शहाणी कॉलेजं स्टेजवर नुसती फाईल देतात. मूळ पदवी खिडकीवर, ओळखपत्र बघून, रजिस्टरला सही घेऊन. सही घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही हा नियम मी प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगायचो. सगळ्यात कमी पैसे घेणारी माणसं ही पोरं, आणि सगळ्यात मोलाचे कागद त्यांच्याच हातात असत. पाच वर्षांनी कुणी "मला मिळालीच नाही" म्हणत आला तर ती सहीच आपल्याला वाचवते.

कृष्णाकाठची, तुमच्या काकांचं हात धुण्याचं अगदी बरोबर. पदवीवर तेलाचं बोट उठलं तर जन्मात जात नाही.

कृष्णाकाठची

काका, तुम्ही तेच तर नाही ना? 😅

जुना_हेडक्लार्क

मी कराडकडचा. आम्ही सगळे सारखेच असतो.

मिरजकर_तंबोरा

मी एनएसएसमधून कोल्हापूरला मुख्य दीक्षांत समारंभालाच गेलो होतो स्वयंसेवक म्हणून. पहाटेच्या पॅसेंजरनं मिरजेहून निघालो, उपाशी. आधी ग्रंथदिंडीत पालखीमागं चाललो, नंतर राजर्षी शाहू सभागृहात ड्युटी. राज्यपाल कुलपती म्हणून येणार, त्यामुळं पास गळ्यात, पोलीस दारात, आणि एकदा आत गेलेला माणूस राष्ट्रगीत होईपर्यंत बाहेर नाही.

आदल्या दिवशीची रंगीत तालीम मात्र बघण्यासारखी. मिरवणूक कुठून निघणार, मानदंड (विद्यापीठाचा मानाचा दंड) घेतलेला पुढं किती पावलांवर, त्यामागं अधिष्ठाते, शेवटी कुलगुरू आणि कुलपती. प्रत्येकाच्या जागी कुणीतरी उभं करायचं. कुलपतींच्या जागी एक शिपाईमामा! त्यांनी इतक्या ऐटीत पावलं टाकली की आम्ही सगळे आपोआप उठून उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी खरी मिरवणूक बघताना मला सारखे मामाच दिसत होते.

राष्ट्रपती सुवर्णपदक घेणारी मुलगी माझ्यापासून चार फुटांवर उभी होती. तिचा हात थरथरत होता. मी पाणी दिलं. माझं पदवीदानातलं योगदान संपलं.

सज्जनगड_पायरी

सोलापूरपण तेव्हा कोल्हापूरलाच होतं ना? माझ्या मोठ्या भावाच्या वेळी अकलूज-पंढरपूरची पोरं यायची समारंभाला, मुक्कामालाच. २००४ ला त्यांचं विद्यापीठ वेगळं झालं. चला, कुकर लावते, नंतर लिहिते.

लीड्समधला_तासगावकर

इकडं एमएस्सी करताना हेच काम केलं, पण पगारी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळं समारंभाचा आठवडा म्हणजे तासांचा हिशेब लावून बसायचं.

माझी नेमणूक हुडवर. हुड म्हणजे गाऊनवरून पाठीवर सोडतात ते रंगीत अस्तराचं. ते सारखं मागं घसरतं आणि पुढून गळा आवळतं. शर्टाचं बटण असेल तर त्याला अडकवता येतं. साडी, ड्रेस, टी-शर्ट असेल तर सेफ्टी पिन. पिना लावणारे आम्ही चौघं, समोर न संपणारी रांग. तासगावच्या आईनं बॅगेत टाकलेलं पिनांचं पाकीट त्या दिवशी विद्यापीठाच्या कामी आलं.

दुसऱ्या दिवशी नावांच्या चिठ्ठ्यांवर. नाव कसं म्हणायचं ते प्रत्येकानं फॉर्मात उच्चारासारखं लिहून द्यायचं असतं, स्टेजवरचे प्राध्यापक तेच वाचतात. आपल्याकडच्या एका मुलीचं आडनाव घोरपडे. तिनं तीन तऱ्हा लिहून आणल्या, तिन्ही खोडल्या. मग मीच प्राध्यापकांसमोर उभा राहून 'घ' म्हणून दाखवला. ते बिचारे सात-आठ वेळा म्हणाले. स्टेजवर 'घो' इतका जोरात आला की मागच्या रांगेतल्या तिच्या वडिलांनी शिट्टी मारली. शिट्टी मारायला बंदी नव्हती तिथं, हे एक बरं.

भडंगवाली

तासगावकर, द्राक्षं यंदा कशी आहेत घरची?

लीड्समधला_तासगावकर

पावसानं घड कुजले म्हणे काही. बाबा फोनवर जास्त बोलत नाहीत त्या विषयावर.

भडंगवाली

आमच्याकडंपण तेच. असो. मी गाऊन खात्यात होते. अनामत घ्यायची, माप बघून गाऊन द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. काळे गाऊन, एप्रिलचं ऊन, मंडपाला पत्रे. परत आलेले गाऊन घरी आणून झटकले तर त्यात काय काय निघालं: हळदीकुंकवाचे डाग, उपम्याची मोहरी, बसचं तिकीट, आणि एका गाऊनच्या बाहीला टाचलेलं छोटंसं पत्र! कुणी कुणाला लिहिलेलं ते सांगणार नाही, दोघांचं लग्न झालंय (एकमेकांशी नाही).

अनामत परत घ्यायला मात्र सगळी पदवीधर मंडळी पाच मिनिटांत हजर. पदवी विसरतील, अनामत नाही.

अजिंक्यतारा_थर्डइयर

मी आत्ता करतेय हे काम! साताऱ्यातच. आमच्याकडं आता कोल्हापूरचा संबंध नाही, २०२१ ला तीन कॉलेजं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं ना, त्यामुळं समारंभ इथंच. गठ्ठे वगैरे आहेतच, पण त्याआधी एक्सेल. नाव मराठीत, नाव इंग्रजीत, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), आईचं नाव, मोबाईल, येणार की नाही. "येणार की नाही" या रकान्यात लोकांनी काय लिहिलंय बघा: "बघू", "सुट्टी मिळाली तर", "आई म्हणाली तर", आणि एकानं "जेवण आहे का?"

फोन करून विचारायचं कामपण आमचंच. निम्मे लोक "लोन नको" म्हणून ठेवतात. मी आता सुरुवातच "तुमच्या डिग्रीबद्दल बोलतेय" अशी करते. तर एक आजोबा म्हणाले, "डिग्री नको, थर्मामीटर आहे घरात."

यवतेश्वर_घाट

थर्मामीटर 🤣 अजिंक्यतारा, पैसे वेळेवर देतात का आता? आमच्या वेळी महिनाअखेरीला पाकीट मिळायचं आणि ते त्याच संध्याकाळी राजवाड्यावरच्या भेळेत संपायचं.

अजिंक्यतारा_थर्डइयर

खात्यात येतात. उशिरा येतात. भेळ आहे अजून.

माणदेशी

मी फक्त वाचत होते, पण कृष्णाकाठचीनं कपाटाचं लिहिलं ते डोक्यातून जाईना. माझी बी.ए.ची पदवी बहुतेक अशाच कपाटात आहे. २००६ ला परीक्षा झाली, निकाल लागायच्या आत लग्न. समारंभाचं पत्र माहेरी आलं होतं, वडलांनी फोन केला होता, पण तेव्हा पोरगी पोटात होती आणि म्हसवडहून कोण नेणार. नंतर वाटलं, आता काय करायचीय. गुणपत्रक आहे की. तेवढ्यावरच अंगणवाडीचा अर्ज भरला होता.

कृष्णाकाठची

ताई, जा आणि घेऊन या. खरंच. मी चाळायची ना त्या पदव्या, तेव्हा मला सारखं वाटायचं की या बायकांना कुणीतरी फोन करायला हवा. पण फॉर्मवर फोन नंबर नसायचा, असला तर शेजाऱ्यांचा. काकांना विचारलं तर म्हणाले, "पत्र पाठवलं होतं, नियमानं तेवढंच."

जुना_हेडक्लार्क

माणदेशी, आधी कॉलेजला फोन करा. काही कॉलेजं जुन्या न नेलेल्या पदव्या स्वतःकडंच ठेवतात, काही विद्यापीठाकडं परत पाठवतात. कुठं आहे ते रजिस्टरवरून कळतं. सोबत शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक न्या, आधार न्या, आणि लग्नाचा दाखला न्या, कारण पदवी माहेरच्या नावानं असणार. नाव बदलून मागू नका, परीक्षा ज्या नावानं दिली त्याच नावानं राहते ती. मिळाली की लॅमिनेट करू नका. पुढं कुठं साक्षांकन करायची वेळ आली तर शिक्का मागच्या बाजूला मारतात, प्लास्टिकवर मारत नाहीत.

मिरजकर_तंबोरा

आणि खाली ठेवू नका!! २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी, पदव्या पलंगाखालच्या ट्रंकेत. बायकोची लॅमिनेट केलेली होती, तिच्यात पाणी शिरून बुरशी आली. माझी तशीच होती, वाळवली, जरा वाकडी झाली पण वाचता येते. तिला दुय्यम प्रत काढावी लागली. पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, शुल्क, सगळं.

सज्जनगड_पायरी

कुकर झाला 🙂 माणदेशी, साताऱ्याला येणार असाल तर सांगा, मी येते बरोबर. पोवई नाक्याजवळच राहते.

माणदेशी

कॉलेज दहिवडीकडं आहे हो, साताऱ्याला यायची गरज नाही. पण या तुम्ही, जेवायला या. मुलगी म्हणतेय मीच नेते तुला गाडीवर. ती आता एस.वाय.ला आहे. तिला पण कॉलेजनं समारंभाच्या कामाला घेतलंय, परवाच सांगत होती, मी लक्ष दिलं नव्हतं.

पेठनाक्यावरचा

मग लेकीलाच सांगा की कपाट उघडायला!

माणदेशी

तिचं कॉलेज वेगळं आहे. शनिवारी चालू असतं का ऑफिस? तिला शनिवारीच वेळ आहे.

जुना_हेडक्लार्क

कॉलेजवर आहे ते. फोन करूनच निघा. आणि दीड ते दोनमध्ये जाऊ नका, जेवणाची वेळ असते.

भडंगवाली

काका, तुमच्या ऑफिसात ती वेळ तीनपर्यंत चालायची हे माहीत आहे आम्हाला 😏

जुना_हेडक्लार्क

पदव्यांचे गठ्ठे आलेले असले तर आम्ही जेवायला उठायचोही नाही. ते कुणी लिहीत नाही.