गवळाऊ गाईचे भ्रूण आठ पेशींवरच का थांबतात?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): आमच्या गवळाऊ गाईची बीजांडे मे महिन्याच्या अखेरीस काढून प्रयोगशाळेत फलित केली. फलन झाले, परंतु बहुतेक भ्रूण आठ पेशींच्या पुढे गेले नाहीत. गावात सारे वळूला दोष देतात. दोष खरोखर त्याचा, की बीजांडाचा? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

पशुवैद्यक, अकोला: दादा, वळूला एवढ्यात दोष देऊ नका. गाईच्या भ्रूणाची स्वतःची जनुके आठ ते सोळा पेशींपर्यंत जवळजवळ निष्क्रिय असतात. तोवरचे विभाजन, बीजांड वाढत असताना गाईने त्यात साठवलेल्या एमआरएनएवर (जनुकांकडून प्रथिने बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूंवर) आणि प्रथिनांवर चालते. बीजांड पक्व होऊ लागले की नवा एमआरएनए बनणे थांबते, म्हणून भ्रूणाला त्या शिदोरीवरच भागवावे लागते. पुढे ती विघटित होते आणि भ्रूणाची जनुके कामाला लागतात. हा पालट जमला नाही, तर वाढ तिथेच खुंटते. डुकरात हा टप्पा चार पेशींवर येतो, उंदरात दोन पेशींवर. मातेत 'मेटर' हे जनुक नसलेल्या उंदरांचे भ्रूण, पिता निरोगी असूनही, दोन पेशींवरच थांबतात, हे २००० साली दाखवले गेले. गाईच्या बीजांडातही ते जनुक कार्यरत असते.

प्रश्नकर्ता: म्हणजे आमच्याकडचे ४५ अंशांचे ऊनही यात येते का?

पशुवैद्यक, अकोला: नक्कीच येते. बीजांडाची वाढ माजाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उष्णतेचा ताण सोसलेली बीजांडे पाऊस पडल्यानंतरही काही काळ येत राहतात. पुढची बीजांडे हिवाळ्यात काढा, आणि उन्हाळ्यात दाता गाईला सावली, भरपूर पाणी व हिरवा चारा मिळेल असे पाहा. भ्रूण ज्या गाईत सोडतात, तिचा या साठ्याशी संबंध नसतो.

भ्रूण प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, नागपूर: वरील विवेचन मला मान्य आहे, पण प्रयोगशाळेकडेही पाहावे. संवर्धनाचे माध्यम, म्हणजे भ्रूण ज्या पोषक द्रवात वाढवतात तो, योग्य नसल्यास गाईचे भ्रूण नेमके याच टप्प्यावर अडतात. पूर्वी ते बीजवाहिनीच्या पेशींसोबत वाढवले, तेव्हा हा अडथळा बराच दूर झाला. त्याच दिवशी, त्याच माध्यमात, त्याच वळूच्या रेताने इतर गाईंची बीजांडे फलित केली होती का, एवढे विचारा. त्यांचे भ्रूण सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत (आत पोकळी तयार झालेल्या, पुढच्या अवस्थेपर्यंत) पोहोचले असतील, तर वळू आणि माध्यम दोन्ही बहुधा निर्दोष ठरतात.