शब्दचर्चा: ‘व्हेरुकस’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडा, ठाणे: तोंडाच्या बायॉप्सीच्या रिपोर्टात ‘व्हेरुकस कार्सिनोमा’ येतं. रुग्णांच्या माहितीपत्रकात ‘चामखिळीसारखा कर्करोग’ लिहिलं तर चालेल का?

खारघर: व्युत्पत्ती बरोबर आहे, लॅटिन ‘व्हेरुका’ म्हणजे चामखीळच. पण चामखीळ म्हटलं की लोक घोड्याचा केस बांधून पाडायला बघतात! ‘खरखरीत पृष्ठभागाचा, सावकाश वाढणारा कर्करोग’ लिहा. पॅथॉलॉजिस्ट अ‍ॅकरमन यांनी १९४८ मध्ये हा प्रकार वेगळा काढला. वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो आणि पेशी जवळजवळ नॉर्मल, म्हणूनच तो फसवतो.

नौपाडा, ठाणे: मग गाठीच्या ‘पुशिंग मार्जिन’ला काय? ‘ढकलणारी सीमा’ कानाला खटकतं.

खारघर: ‘रेटत जाणारी कड’. ठाणे स्टेशनातली गर्दी खांद्याला खांदा लावून रेटते, तशी. नेहमीचा शल्कपेशींचा (आवरणातल्या चपट्या पेशींचा) कर्करोग बोटं घालत आत घुसतो, हा एका रेषेत दाबत उतरतो. त्यामुळे निदान तळाशी होतं. वरवरचा तुकडा घेतला तर हाती नुसतं केरॅटिन (वरचा कडक थर बनवणारं प्रथिन) लागतं आणि रिपोर्ट येतो ‘हायपरकेरॅटोसिस’, म्हणजे नुसता केरॅटिनचा जाड थर. तुकडा कडेचा हवा, शेजारच्या चांगल्या अस्तरासकट आणि खोल. पातळ काप घेण्यासाठी मेणात बसवताना तो उभा बसवायचा. आडवा बसला तर काप तिरका जातो, आवरणाची खाली उतरलेली फुगीर मुळं सुटी बेटं दिसतात आणि नसलेली घुसखोरी वाचली जाते.

वाशी: याच्याच जवळचा ‘कार्सिनोमा क्युनिक्युलेटम’ राहिला. लॅटिन ‘क्युनिक्युलस’ म्हणजे ससा, आणि त्याचं बीळही. केरॅटिनने भरलेली फाटे फुटणारी बिळं हिरडीतून जबड्याच्या हाडात जातात. वरून बायॉप्सी केली तर पू आणि केरॅटिन मिळतं, आणि हाडाचा जंतुसंसर्ग समजून औषधं चालू राहतात. ‘बिळकरी’ म्हणावं का?

खारघर: झकास! ‘स्पिंडल सेल कार्सिनोमा’तल्या ‘स्पिंडल’ला मात्र पाठ्यपुस्तकातलं ‘तर्कू’ नको, ‘चातीच्या आकाराच्या पेशी’ बरं. तो कर्करोग सार्कोमासारखा (हाड, स्नायू अशा ऊतींच्या कर्करोगासारखा) दिसतो आणि काही वेळा केरॅटिन दाखवणारा रंग धरतच नाही. म्हणून पी६३, पी४० या प्रथिनांचे रंग लावतात, आणि शेजारच्या आवरणात कर्करोगाच्या खुणा शोधतात.

वाशी: आणि व्हेरुकसमध्ये नेहमीचा शल्कपेशींचा कर्करोगही असतो तो ‘हायब्रिड व्हेरुकस’? ‘संकरित’?

खारघर: संकरित म्हटलं की बियाणं डोळ्यांपुढे येतं. ‘मिश्र’ लिहा. शुद्ध व्हेरुकस सहसा मानेच्या लसिका ग्रंथींत जात नाही, मिश्र जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशननंतर काढलेली कर्करोगाची गाठ शक्यतो पूर्ण कापून तपासतात. छोट्या बायॉप्सीवर ‘शुद्ध’ हा शब्द लिहायचाच नाही.